व्यवसाय : इतर

जर्मनीत स्वयंसेवक म्हणून राहायला निघालेल्या माणसाला थंडीची, भाषेची आणि जेवणाची भीती सगळेच घालतात. अर्जावरच्या ‘व्यवसाय’ या रकान्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. श्टुटगार्टच्या परिसरातल्या एका लहान शहरात, वृद्धाश्रमात वर्षभर काम करण्यासाठी मी गेले, तेव्हा विद्यार्थी, नोकरदार, बेरोजगार, निवृत्त अशा साऱ्या चौकटी वाचून झाल्यावर माझ्या वाट्याला नेहमी शेवटची ‘इतर’ उरत असे.

खरे तर ही ‘इतर’ माणसे तिथल्या सरकारनेच निर्माण केलेली आहेत. २०११ साली जर्मनीने सक्तीची लष्करी भरती स्थगित केली. बंदूक नाकारून त्याऐवजी रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत सेवा करणाऱ्या तरुणांचा ओघही त्याबरोबर आटला, आणि ती पोकळी भरून काढण्यासाठी त्याच वर्षीच्या १ जुलैपासून ‘बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट’ ही संघराज्याची स्वयंसेवा सुरू झाली. स्वयंसेवकाचा करार थेट संघराज्याशी होतो. त्याला पगार मिळत नाही, हातखर्चाला ठरावीक रक्कम मिळते. पण आरोग्यविम्याचा आणि निवृत्तिवेतनाचा हप्ता संस्था पूर्णपणे भरते. त्यामुळे पगार नसलेल्या माणसाचे निवृत्तिवेतनाचे खाते मात्र असते, आणि हे बँकेतल्या तरुण कारकुनाला पटवून देताना माझ्या जर्मन व्याकरणाची चांगलीच कसोटी लागली.

सगळ्याची सुरुवात ‘आनमेल्डुंग’पासून, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीपासून होते. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करावी असे कायदा सांगतो, पण संकेतस्थळावर मिळणारी भेटीची वेळ पुष्कळदा त्यानंतरचीच असते, आणि या विसंगतीचे कोणाला फारसे काही वाटत नाही. भाडेकरार दाखवून भागत नाही. ‘ही व्यक्ती अमुक तारखेपासून येथे राहते’ असे घर देणाऱ्याने स्वतंत्रपणे लिहून द्यावे लागते. त्या नोंदणीवाचून बँक दाद देत नाही, आणि खात्यावाचून हातखर्च जमा होत नाही. जर्मन माणूस शिस्तीचा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण शिस्त असली की वेगही असतो, ही समजूत त्या कार्यालयाच्या प्रतीक्षागृहात बसून आपोआप गळून पडते. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ‘साहेब जागेवर नाहीत’ हे वाक्य मी तिथे कधी ऐकले नाही, आणि कोणाच्या ओळखीने आत शिरणारा माणूसही पाहिला नाही.

नोंदणीच्या वेळी खिडकीतल्या बाईंनी धर्म विचारला, तेव्हा मी क्षणभर बिचकले. त्यामागचे कारण निव्वळ हिशेबी होते: चर्चच्या नोंदणीकृत सदस्यांकडून आयकराच्या ८ टक्के (बहुतेक अन्य राज्यांत ९ टक्के) चर्चकर वसूल केला जातो. माझा हातखर्च मुळात करपात्रच नव्हता, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला. नावाचा प्रश्न मात्र वर्षभर पुरला. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे माझ्या पारपत्रात माझ्या नावापुढे वडिलांचे नाव आहे, आणि जर्मन दप्तराच्या लेखी ते माझेच दुसरे नाव ठरते. श्टुटगार्टचे मुंबईशी १९६८ पासून भगिनी-शहराचे नाते आहे, पण त्या नात्याचा उजेड आमच्या गावच्या खिडकीपर्यंत पोहोचलेला नव्हता. परिणामी विमा कंपनीपासून ग्रंथालयापर्यंत सगळ्यांची पत्रे ‘श्रीमती’ म्हणत माझ्या वडिलांनाही संबोधू लागली. फोनवर हे ऐकून बाबा इतके खूश झाले की पुढे प्रत्येक पत्राची चौकशी ते स्वतःच करू लागले.

पत्रे येतातही अमाप. अकरा अंकी करक्रमांकसुद्धा टपालानेच येतो, आणि पत्रपेटीवर आपले आडनाव नसेल, तर घर क्रमांक बरोबर असूनही पत्र परत जाऊ शकते. म्हणून संस्थेच्या सदनिकेत आम्ही चौघी राहत होतो, त्या दाराखालच्या पेटीवर चार देशांची आडनावे एकाखाली एक चिकटवलेली होती. सगळ्यांत लांब माझे, आणि तेच पावसाने सारखे सुटे.

या पत्रांचा उलगडा वृद्धाश्रमातल्या एका आजींनी केला. आयुष्यभर हिशेबखात्यात काम केलेल्या या बाईंना दुपारची कॉफी झाली की माझी पत्रे लागत. डाव्या कडेला दोन भोके पाडायची, लोखंडी कड्यांच्या जाड फायलीत तारखेनुसार ओवायची आणि वर पेन्सिलीने ‘उत्तर दिले’ असे लिहायचे, ही त्यांची पद्धत. मी त्यांची औषधे आणि चष्मा सांभाळायचे, त्या माझे दप्तर सांभाळायच्या. यातली सेवा नेमकी कोणाची, हे त्या करारावरून ठरवणे कठीण झाले असते.

नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या शुल्काचे पत्र आले तेव्हा तर त्यांना स्फुरणच चढले. घरात संच असो वा नसो, दर घरामागे महिना १८.३६ युरो भरावे लागतात, आणि नवा माणूस राहायला आल्याची वर्दी नोंदणी कार्यालयच पुढे देते. आमच्या घरातली एक मुलगी हे शुल्क आधीच भरत होती, तेव्हा तिचा क्रमांक कळवणे एवढेच माझे काम होते. आजींनी मजकूर सांगितला, मी लिहिला, त्यांनी दोन स्वल्पविराम वाढवले. काही आठवड्यांनी ‘आपले पत्र मिळाले, आपणाकडून काही येणे नाही’ असे उत्तर आले. ते आता टाकून द्यावे का, असे मी विचारले, तेव्हा आजींनी न बोलता छिद्रयंत्र पुढे ओढले.