सीडी३४चा आकडा पिपेटवर ठरतो

मे महिन्यात नागपुरात पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा सीडी३४ मोजणीतली (स्टेम सेल प्रत्यारोपणासाठी रक्तातल्या ठरावीक पेशी मोजण्यातली) पहिली चूक प्रयोगशाळेत नाही, स्कूटरच्या डिकीत होते. धंतोली-रामदासपेठेतून नमुना नेणारा मुलगा ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) जांभळ्या झाकणाची ट्यूब डिकीत टाकतो आणि भर उन्हात सिग्नलला थांबतो. पेशी मरायला लागतात, आणि मेलेल्या पेशीला कोणतीही अँटिबॉडी (ठरावीक पेशी ओळखायला वापरायचं, रंग जोडलेलं प्रथिन) उगाच चिकटते. नमुना थर्माकोलच्या डब्यातच न्यावा, आइस पॅक ट्यूबला टेकू देऊ नये. आणि मेलेल्या पेशी वेगळ्या काढणारा सेव्हन-एएडी रंग कधीही वगळू नये.

सीडी३४ हे पेशीच्या पृष्ठभागावरचं ग्लायकोप्रोटीन. १९८४ मध्ये कर्ट सिव्हिन यांच्या गटाने केजी-१ए या ल्युकेमियाच्या पेशी वापरून बनवलेल्या अँटिबॉडीमुळे ते हाती लागलं. ते दिसलं की स्टेम सेल सापडली, असं मात्र नाही. अशा बहुतेक पेशी पुढच्या टप्प्यावरच्या पूर्वज पेशी असतात, आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही ते असतं. तरीही प्रत्यारोपणासाठी पेशी कधी गोळा करायच्या, हे याच आकड्यावर ठरतं. रक्तात मायक्रोलिटरला १० ते २० पेशी दिसल्या की बहुतेक केंद्रं अफेरेसिस (यंत्राने रक्तातून पेशी वेगळ्या काढणं) सुरू करतात.

अँटिबॉडी घेताना क्लास थ्री क्लोन (सीडी३४ ओळखणाऱ्या अँटिबॉडीचा प्रकार; ८जी१२ किंवा ५८१) आणि पीई हा चमकणारा रंग घ्या. क्लास वनच्या अँटिबॉडी साखरेच्या साखळ्यांवर अवलंबून असतात, त्यामुळे काही पेशी निसटतात.

आता पिपेट. १०० मायक्रोलिटर रक्तात ५ मायक्रोलिटर चुकलं तर निकाल थेट ५ टक्क्यांनी चुकतो. म्हणून रिव्हर्स पिपेटिंग: दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून ओढा, पहिल्या थांब्यापर्यंतच सोडा, टिपेत उरलेलं फेका. टीप बाहेरून पुसा, रक्त थेट तळाशी सोडा. भिंतीला लागलेल्या थेंबातल्या पेशींना रंगच लागत नाही.

आमच्या पद्धतीत १०० मायक्रोलिटर रक्त, प्रत्येकी २० मायक्रोलिटर अँटिबॉडी व सेव्हन-एएडी, २० मिनिटं अंधारात. मग लाल पेशी फोडायला २ मिली अमोनियम क्लोराइड, १० मिनिटं. धुवायचं नाही, धुतलं की पेशी जातात. शेवटी बीड्स (ज्यांची संख्या माहीत असते असे, तुलनेसाठीचे बारीक मणी) नीट हलवून १०० मायक्रोलिटर. त्या तळाशी बसतात, म्हणून न हलवता घेतल्या तर आकडा वर जातो. ट्यूब बर्फावर ठेवून तासाभरात मशीनवर (पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर) लावा.

विदर्भात सिकलसेलचे नमुने येतातच. त्यांच्या लाल पेशी नीट फुटत नाहीत, आणि केंद्रक असलेल्या लाल पेशी कचऱ्यासारख्या गेटमध्ये (मोजायच्या पेशी निवडणाऱ्या चौकटीत) घुसतात. त्यामुळे सीडी४५ (पांढऱ्या पेशींवरची खूण) मंद आणि साइड स्कॅटर (पेशीतून बाजूला विखुरणारा प्रकाश) कमी, हा इशेज या प्रमाणित पद्धतीचा गेट डोळे झाकून लावू नका. सिकलसेल रुग्णाला जी-सीएसएफ (स्टेम सेल रक्तात आणणारं नेहमीचं औषध) दिल्यास गंभीर क्रायसिस (रक्तवाहिन्या तुंबून तीव्र वेदना) येऊ शकतो, तिथे पेशी गोळा करण्यासाठी प्लेरिक्साफॉर हे दुसरं औषध वापरतात.

किमान १०० सीडी३४ घटना (मशीनने नोंदलेल्या पेशी) मोजाच. १००चं वर्गमूळ १०, म्हणजे नुसत्या योगायोगानेच १० टक्के फरक. पांढऱ्या पेशी फार वाढल्या असतील तर नमुना पातळ करा, आणि शेवटी त्या पटीने गुणायला विसरू नका; हा गुणाकार राहून जाणं ही सर्वात महागडी चूक. गोळा केलेल्या पेशींच्या २०० मिली पिशवीत मायक्रोलिटरला १,५०० पेशी असतील तर एकूण ३० कोटी, ६० किलोच्या रुग्णाला किलोमागे ५० लाख. किमान गरज साधारण २० लाखांची.

दोन ट्यूबांत १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर सरासरी काढू नका, तिसरी ट्यूब लावा.