ओल्या गिलाव्यावर शिकलेला इतिहास
घरीच शिकणाऱ्या आमच्या मुलांना ख्रिस्ती कलेचा इतिहास शिकवताना मी सनावळीआधी हातात कुंचला देते. इटालियन चित्रकार जोत्तोने पादुआ शहरातल्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये १३०५ च्या सुमारास ख्रिस्तचरित्र रंगवले ते मुख्यतः ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना कठीण होतो आणि रंग त्यातच पक्का बसतो, म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा करावा लागे. मुले लहानशा फळीवर हेच करून पाहतात (चुना त्वचेला भाजतो, त्यामुळे तो मोठ्यांनीच हातमोजे घालून कालवावा). गिलावा सुकू लागला की रंग आत मुरेनासा होतो. बायबलमधील प्रसंग त्यांना पाठ असतातच. मृत ख्रिस्तावरील शोकाच्या चित्रात जोत्तोने मरियेचा चेहरा ख्रिस्ताच्या चेहऱ्याजवळ इतका का आणला, हे मात्र ती रंगवतानाच विचारतात.