गर्भजलातले प्रथिन काय सांगते

सोलापुरात जीवरसायनशास्त्र शिकवत असल्यामुळे ओळखीपाळखीचे लोक तपासण्यांचे कागद घेऊन घरी येतात, आणि त्यांत गर्भजलातले एएफपी वाढल्याची नोंद असली की प्रश्न ठरलेला असतो : बाळाच्या मेंदूत दोष आहे, असे समजायचे का?

एएफपी, म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन, हे प्रथिन मुख्यतः गर्भाच्या यकृतात तयार होते. गर्भाच्या रक्तात ते भरपूर असते. गर्भजलात त्या मानाने फारच थोडे उतरते. मात्र मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती कुठे उघडी राहिली, तर त्या जागेवरून ते थेट गर्भजलात झिरपते. हा संबंध एडिंबरोच्या ब्रॉक आणि सटक्लिफ यांनी १९७२ मध्ये दाखवला.

तरीही या एका आकड्यावर माझा भरवसा नाही. गर्भाच्या पोटाची भिंत उघडी असेल, मूत्रपिंडांचा जन्मजात विकार असेल, गर्भजल काढायला सुई घालताना त्यात गर्भाचे रक्त मिसळले असेल किंवा नुसते आठवडे चुकीचे मोजले असतील, तरीही एएफपी वाढलेले दिसते. म्हणून त्याच नमुन्यात असिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) शोधतात. ते चेतासंस्थेतून येत असल्यामुळे प्रथिने वेगळी करणाऱ्या जेलवर त्याचा वेगळा पट्टा उमटला तर उघड्या दोषाची शंका बळावते. उलट दोषावर त्वचेचे आच्छादन असेल, किंवा केवळ मेंदूत पाणी साठले असेल, तर दोन्ही तपासण्या निर्दोष येऊ शकतात. अशा वेळी काळजीपूर्वक केलेली सोनोग्राफीच उपयोगी पडते, आणि आज पहिला मान तिलाच आहे.

मला अधिक खटकते ते वेगळेच. ही नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. आपल्याकडे दवाखान्यात नाव घातले जाते ते बहुधा त्यानंतर, आणि फॉलिक ॲसिडची पहिली गोळी तेव्हा हातात पडते. आधी नळीचा असा दोष असलेले मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्यास पुनरावृत्तीचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने १९९१ मध्येच सिद्ध केले. इतर स्त्रियांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते, पण तेही गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून. त्यामुळे कागद घेऊन येणाऱ्यांना मी पुढच्या खेपेचे आताच डॉक्टरांशी बोलून घ्यायला सांगतो.