दुपारची झोळी

मठाच्या मागच्या दोरीवर संन्याशाची भिक्षेची झोळी वाळत असली की खालच्या फरशीवर तांबूस ठिपके पडलेले दिसतात. काव ती. काव म्हणजे मातीच. पाण्यात विरघळत नाही, धाग्यात मुरत नाही, नुसती धाग्याला बिलगून बसते. तुरटी घाला, काही करा, दर धुण्याला थोडी सुटतेच, आणि झोळी पुन्हा कावेत बुडवावी लागते. वैराग्याचा रंग इतका कच्चा असावा, याची गंमत वाटते.

झोळीला शिलाई नसते. चौकोनी कापडाच्या समोरासमोरच्या टोकांना गाठ मारली की झाली. एक गाठ खांद्यावर, दुसरी तोंडाशी. कापड जाड असेल तर वाळत नाही आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. फार विरळ असेल तर आमटी धोतरावर. म्हणून पातळ पदार्थासाठी कमंडलू वेगळा. मनुस्मृतीत यतीची, म्हणजे संन्याशाची, भांडी सांगितली आहेत ती भोपळ्याची, लाकडाची, मातीची आणि वेळूची. धातूचं भांडं नको, आणि असेल त्याला चीर नको. चिरेत अन्न अडकतं, हे कुठल्याही भांडी घासणाऱ्या बाईला विचारलं असतं तरी कळलं असतं.

आश्रम म्हटला की आपल्याला झाडं, हरणं आणि समिधांचा धूर आठवतो. संन्याशाच्या मठात धूरच नको, कारण संन्यास घेताना अग्नीच सोडलेला असतो. चूल नाही, म्हणजे मठाचं स्वयंपाकघर गावात, दहा घरांत वाटलेलं. मधमाशीने प्रत्येक फुलातून थोडं थोडं घ्यावं तशी घ्यायची ती माधुकरी. घरं आधी ठरवायची नाहीत. ठरवली की पुरणपोळीचं घर बरोबर लक्षात राहतं.

वेळेचा नियम तर फारच बारकाईचा. धूर थांबलेला, मुसळ टेकवून ठेवलेलं, विस्तव विझलेला, माणसं जेवलेली, उष्टी पात्रं उचललेली. मग यतीने दारात जावं. आपल्यासाठी कुणी मुद्दाम रांधू नये, एवढाच हेतू. तिकडे गृहस्थाला सांगितलं आहे की वैश्वदेव, म्हणजे शिजलेल्या अन्नाची आहुती, झाला की जेवण्याआधी अंगणात, गाईची धार काढायला लागेल तेवढा वेळ, अतिथीची वाट पाहावी. म्हणजे एक उभा आहे तेव्हा दुसरा येणार नाही, आणि दुसरा येईल तेव्हा पहिला वामकुक्षीत. शास्त्रकारांनी दोघांची चुकामूक पक्की करून ठेवली आहे. घराघरात दुपारचा मूठभर भात झाकून ठेवायची रीत पडली ती बहुधा यातूनच.

रामदासी भिक्षेचा मात्र थाट निराळा. दारात मनाचा श्लोक, मग ‘जय जय रघुवीर समर्थ’, आणि झोळीत बहुधा कोरडा शिधा. मागता मागता गाव कळतो, माणसं पारखता येतात, हे समर्थांनी उघड सांगितलंच आहे. शिध्यात घोळ होतो तो निवडताना. एका घरचा आंबेमोहर, दुसऱ्याचा कोलम, तिसऱ्याचा जाड उकडा तांदूळ. हे सगळं एकत्र शिजवलं तर आंबेमोहराची पेज होते तोवर उकडा दाताखाली कचकचतो. डाळींचंही तेच. मूग विरघळून जातो आणि तूर तशीच बसून राहते. यावर उपाय म्हणजे घरागणिक वेगळी पुरचुंडी. ते जमलं नाही तर उकडा आणि तूर आधी चुलीवर, बाकीचं मागाहून. आणि तेही जमलं नाही, तर जे होईल त्याला खिचडी म्हणायचं.

मुंजीतल्या भिक्षावळीतही हीच झोळी होती. ‘ओम् भवति भिक्षां देहि’ म्हणायचं आणि पहिली मूठ आईची. आता ताम्हनात पेढे, चॉकलेटं आणि वर नोटेचं पाकीट. बटूचं लक्ष पाकिटावर, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

भीमा-अमरजा संगमाजवळच्या गाणगापुरात ही रीत अजून नांदती आहे. दत्तमहाराज दुपारी कुठल्याही रूपात भिक्षेला येतात, अशी श्रद्धा. म्हणून भाविक माधुकरी मागतातही आणि घालतातही. गावी ज्यांच्या दारावर ‘विक्रेत्यांना मनाई’ अशी पाटी असेल, ते इथे पाच घरी हात पसरतात. समोरचा कोण आहे कळायला मार्ग नाही, म्हणून नाही कुणीच म्हणत नाही.

पाच घरांचं अन्न एका कापडात आलं की खीर, झुणका आणि लोणचं यांचं काय होतं ते सांगायला नको. कित्येक यती झोळी तशीच नदीत बुडवत. मीठ, तिखट, गोड सगळं पाण्याबरोबर जाई, आणि उरे तो भाताचा ओला गोळा. संन्याशाला आठच घास, म्हणून तेवढे मोजून घ्यायचे. गृहस्थाला बत्तीस आहेत. ब्रह्मचाऱ्याला मोजणीच नाही.