रविवार संध्याकाळ, मेस बंद

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला येऊन ज्याने मेसवर दिवस काढलेत त्याला रविवार संध्याकाळ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. मेस बंद. बास. दुपारी फीस्ट असते म्हणून संध्याकाळी सुट्टी, हा सदाशिव पेठ, नवी पेठ, कर्वेनगर सगळीकडचा अलिखित कायदा, तो कुणी केला माहीत नाही पण मोडल्याचं फारसं ऐकलं नाही. दुपारी मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, मठ्ठा आणि श्रीखंड एक वाटी, नाहीतर गुलाबजाम मोजून दोन (तिसरा मागितला की काकांना ऐकू येत नाही). आठवडाभर त्याच त्या भाज्या फिरवून फिरवून खाल्लेल्या असतात त्यामुळे पोरं नुसती तुटून पडतात, आणि मग दोन-अडीचला रूमवर येऊन पंखा फुल करून जी आडवी होतात ती थेट सहाला उठतात.

आणि ते सहाचं उठणं एक नंबर बेकार. तोंड गोडमिट्ट, डोकं जड, बाहेर अर्धवट अंधार, पार्टनर गावाला गेलेला, भूक नाही पण काहीतरी पाहिजे असं वाटतंय आणि आत कुठेतरी एक बारीक हुरहुर की आपलं काही खरं नाही. मग बसायचं विचार करत. घरची आठवण येतीये म्हणून असं होतंय का, की करिअरचं काय होणार म्हणून, की ती रिप्लाय देत नाही म्हणून, की हे शहरच वाईट आहे. अख्ख्या आयुष्याचा हिशोब त्या एका तासात मांडून व्हायचा, आणि दर रविवारी बाकी शून्यच. आता मला वाटतं की त्यातला निदान निम्मा भाग श्रीखंड-पुरीचा होता.

कारण बघा ना, गच्च तेलकट-गोड जेवून दुपारी साडेतीन-चार तास झोपलं तर कुणाचंच डोकं जागेवर येत नाही, गाढ झोपेतून उठल्यावर मेंदूला पूर्ण जागं व्हायला वेळ लागतोच. मग ते जडपण घालवायला सात वाजता अमृततुल्यवर जाऊन एकामागून एक दोन चहा. चहा-कॉफीतलं कॅफिन अंगातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री बाराला गादीवर पडलो तरी त्यातला जवळजवळ एक कप अजून ड्युटीवर. जेवायची वेळ टळून गेल्यावर दहाला भूक लागते तेव्हा भुर्जीची गाडी, नाहीतर मॅगी. झोप दोनला. सोमवारी नाश्ता न करता लेक्चर, आणि मग आठवड्याच्या सुरुवातीलाच मूड नाही यार.

हे झालं ताटाकडून डोक्याकडं. उलटंही तेवढंच होतं, मला तर वाटतं जास्तच होतं. आमच्या मेसवर एमपीएससीची पोरं खूप. निकाल लागला की कोण निघालं आणि कोण राहिलं हे मेसमध्ये आपोआप कळायचं, निघालेला पेढे घेऊन यायचा आणि राहिलेला यायचाच नाही. काकूंकडे एक लांबडी वही असायची, आला की टिक, नाही आला की खाडा. गावाला जायचं असलं की पोरं आधी सांगून खाडे टाकायची, तेवढे पैसे कापून मिळायचे. न सांगता बुडवलेल्या जेवणाचे पैसे मिळायचे नाहीत, म्हणजे खरंतर काकूंचा फायदाच, पण नेमके तेच खाडे त्यांना खुपायचे.

एकदा मला ताट वाढता वाढता म्हणाल्या, "काय रे, तुझा तो पार्टनर कुठंय? परवापासून दिसला नाही."

"भूक नाही म्हणतोय काकू."

"पंचविशीतल्या पोराला भूक नसायला काय झालं?" मग आत जाऊन दोन पुडांचा डबा भरून आणला, खाली वरणभात, वर पोळ्या आणि झाकणात लिंबाच्या लोणच्याची फोड. आणि हातात देताना जे बोलल्या ते मी अजून धरून आहे. "खातोस का म्हणून विचारू नको त्याला. उघडून समोर ठेव. आणि तूही तिथंच बस."

गडी भिंतीकडं तोंड करून पडलेला. "ठेव, खातो नंतर." मी काही न बोलता डबा उघडला. तूप काकूंनी मुद्दाम सढळ सोडलं असणार, वास सुटला रूमभर. मी आपला पेपर वाचत बसलो, म्हणजे पेपर समोर धरून. जरा वेळाने तो उठून बसला, आधी लोणच्याला बोट लावून चाटलं, मग भाताचा एक घास, मग दुसरा, मग पोळी मोडली. निकालाबद्दल त्या रात्री अवाक्षर काढलं नाही, पण जेवण झाल्यावर आंघोळ करून आला. दोन दिवसांची दाढीसुद्धा केली.

आता पोट आणि मन हा फॉरवर्डवाल्यांचा लाडका विषय झालाय. "शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं म्हणून रोज एक केळं खा आणि आनंदी राहा" असा एक मेसेज तुम्हालाही आला असेलच, शेवटी दोन सूर्यफुलं आणि हात जोडलेले. यातला पहिला भाग खरा आहे. पण आतड्यातलं ते सेरोटोनिन मेंदूत शिरतच नाही, रक्त आणि मेंदू यांच्यात जी आडभिंत असते ती त्याला बाहेरच थांबवते, मेंदू स्वतःपुरतं वेगळं बनवून घेतो. त्यामुळे केळं खा, चांगलंच आहे, पण ब्रेकअपवर उपाय म्हणून नको. बाकी पोटाची आणि मेंदूची लाइन जोडलेली आहे यात शंका नाही, व्हेगस नावाची नस आहे, तिच्यातून वरून खाली जेवढे निरोप जातात त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त खालून वर जातात. व्हायव्हाच्या सकाळी बाथरूमबाहेर लागलेली रांग ज्याने पाहिलीये त्याला वरून खाली जाणाऱ्या निरोपांबद्दल तर काही सांगायलाच नको.

मला जास्त भावला तो २०१७ साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग. फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिप्रेशन असलेली ६७ माणसं घेतली, ज्यांचं खाणं पण यथातथाच होतं. १२ आठवडे निम्म्यांना आहारतज्ज्ञ भेटून खाणं सुधारायला मदत करायचे, आणि निम्म्यांना तेवढ्याच वेळा कुणीतरी भेटून नुसत्या गप्पा मारायचे, पत्ते वगैरे खेळायचे. औषधं किंवा थेरपी चालू असलेल्यांचं ते चालूच. शेवटी खाणं सुधारलेल्यांपैकी ३२ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते, गप्पावाल्यांपैकी ८ टक्के. माणसं थोडी होती आणि आपण कुठल्या गटात हे प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे लगेच उड्या मारण्यात अर्थ नाही आणि कुणी गोळ्या तर बंद करूच नयेत. पण त्यांना खायला काय सांगितलं होतं ते बघा: कडधान्यं, भाज्या, फळं, अख्खी धान्यं, दाणे, मासे, ऑलिव्ह ऑइल. मासे आणि ते ऑइल सोडलं तर आमच्या मेसच्या मंगळवारच्या मटकीच्या उसळीपासून हे फार लांब नाही, जिला आम्ही नावं ठेवायचो.

आणि कमी खाल्ल्याने काय होतं याचा तर फार जुना दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, त्यांच्या राजीखुशीने. युद्धात हात रक्ताने माखायचे नाहीत म्हणून सैन्यात न गेलेली ही पोरं, म्हणजे स्वभावाने शांतच असणार. पण हळूहळू चिडकी झाली, एकेकटी राहायला लागली, चेष्टामस्करी बंद, पोरींमधला रस गेला, आणि डोक्यात दिवसरात्र फक्त खाणं. ताट चाटूनपुसून खायची आणि पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. आमच्याकडे एक डबा दोघांत खाणारी पोरं असायची, पैसे वाचवायला. त्यातल्या एकाला सगळे "खडूस" म्हणायचे, लायब्ररीत कुणाची खुर्ची वाजली तरी अंगावर यायचा. पोटभर जेवून तो कसा होता हे आम्ही कुणी बघितलंच नव्हतं.

घरात तर हे राजरोस चालतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ची, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं. रक्त कमी असलं की दम लागतो, डोकं दुखतं, चिडचिड होते, कशात मन लागत नाही, आणि आपल्याकडे याला म्हणतात स्वभाव. "वहिनी जरा तिरसटच आहेत." अहो ती सगळ्यांचं झाल्यावर कढईत उरलेल्या भाजीला पोळी पुसून उभ्या उभ्या जेवते आणि वर लगेच चहा घेते, जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, तिचं एचबी कुणी शेवटचं कधी तपासलंय? बी १२चं पण तेच. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्यातच केईएम हॉस्पिटलमध्ये त्यावर वर्षानुवर्षं काम केलंय, शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास असते, आणि ती असली की हातापायाला मुंग्या, थकवा, विसरणं आणि उगाचच उदास वाटणं हे सगळं येऊ शकतं. प्रत्येक उदासी म्हणजे बी १२ नव्हे हे खरं, पण कुणाचा स्वभाव ठरवण्याआधी एक रक्ताची तपासणी करून घ्यायला काय जातं.

आता पगार आहे, मेस नाही. रात्री साडेदहाला लॅपटॉप बंद होतो तेव्हा फ्रिजमध्ये भाजी असते, कणीक असते, पण उठून काही करायचं म्हणजे नको वाटतं आणि मग ॲप उघडायचं. बिर्याणी नको, परवाच झाली. थाळी? एवढं कोण खाणार. पिझ्झा? पोट बिघडेल. रेटिंग बघ, कूपन लाव, डिलिव्हरी चार्ज बघून चिड, परत मागे ये. पाऊण तास दोनशे हॉटेलं बघून शेवटी ओट्याशी उभं राहून पाकिटातलं फरसाण. दिवस वाईट गेलेल्या माणसासमोर काय खाणार असा प्रश्न ठेवणं हाच मुळात घोळ आहे असं माझं मत झालंय, तोच तर त्या दिवशी सुटत नाही. मेसचं ते बरं होतं. आज काय आहे? कोबी. आवडत नाही? मग शेंगदाण्याची चटणी घे. संपला विषय.

आपल्या जुन्या माणसांनी हे बरोबर ओळखलं होतं असं मला कडू घासाकडे बघून वाटतं. घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही, शेजारचे नाहीतर भावकीतले पिठलं-भाकरी आणून देतात, आणि ती खावी लागते. कुणाला भूक आहे का, काय खाल, किती खाल असलं काही विचारत नाहीत. रिवाजच आहे म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नाही. आणि पुढं तेराव्या-चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण, म्हणजे दुःख संपलं असं नाही पण आता घरात परत गोड शिजू दे. दुःखात असलेल्या माणसावर जेवणाचा निर्णय सोडायचाच नाही, एवढी साधी पण पक्की व्यवस्था.

आजोबा गेले तेव्हा स्मशानातून येऊन, कडुलिंबाचं पान चावून, आंघोळी करून सगळे ओसरीवर बसलो होतो. समोरच्या मावशी टोपलीत भाकरी आणि पातेलंभर पिठलं ठेवून न बोलता निघून गेल्या. आजी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, रडलीही नव्हती, सगळ्यांना त्याचीच काळजी. आत्याने तिच्या पुढ्यात ताटली सरकवली. तिने एक घास घेतला, चावला, आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

आई मीठ आणायला उठली. काका म्हणाले, त्यांच्याकडं असंच असतं, अळणी. आत्या म्हणाली, बीपी आहे ना त्यांना, डॉक्टरने मीठ बंद केलंय. कोण डॉक्टर? तो नव्हे का, स्टँडच्या मागे बंगला बांधलाय त्याने. हां तो, तो तर साध्या सर्दीला पण सलाइन लावतो. बंगला कधी बांधला पण? आणि आजी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवत म्हणाली, "बंगला कसला डोंबलाचा, रो हाऊस आहे ते."