भोपळ्याच्या बिया

आमच्या बाथरूमच्या भिंतीवर भोपळ्याच्या बिया चालतात. दिसायला अगदी बियाच: चपट्या, राखाडी, मधे फुगीर, टोकांना निमुळत्या. ठाण्याची दमट हवा त्यांना मानवते. आई त्यांना सरसकट ‘कसर’ म्हणते आणि केरसुणी फिरवते. मीही तेच करायचो. एकदा लेकीने विचारलं, “बाबा, ही बी कुठे चाललीये?” तेव्हा कुठे भिंग काढलं.

एका टोकातून तपकिरी डोकं आणि सहा पाय बाहेर आले, पिशवी जरा ओढली, थांबले. मी वाटेत पेन आडवं धरलं. डोकं आत गेलं आणि थोड्या वेळाने दुसऱ्याच टोकातून बाहेर! पिशवी दोन्हीकडून उघडी, आणि मधला फुगवटा आतल्या आत वळायला. रेशीम तेवढं आतल्या अळीचं स्वतःचं, पण वरचा सगळा माल आमच्या घरचा: भिंतीचा भुगा, केस, लोकरीचे धागे आणि एक गुलाबी कण. रांगोळीचा, दुसरं काय!

आईचं फारसं चुकलं नव्हतं. ही फेरिओइका नावाच्या पतंगाची अळी, लोकर कुरतडणाऱ्या कसरीच्याच कुळातली. लोकर, केस तिला चालतात, पण आवडीचं खाणं म्हणजे कोळ्यांची जुनी जाळी. आणि आम्ही तिला जळमटांबरोबरच झाडून टाकत होतो.

एक बरणीत ठेवली, वर मलमलीचं फडकं. खाऊ म्हणून माळ्यावरची जळमटं उतरवली. (आई हेच काम वर्षानुवर्षं सांगत होती, तेव्हा हललो नव्हतो.) अळीपणाचे दिवस साधारण 50, माझी त्यातली उतारवयातली असावी. थोड्याच दिवसांत तिने पिशवी काचेला चिकटवली आणि आत कोश केला. सतराव्या दिवशी दुपारी पाहतो तर पिशवीच्या टोकातून कोशाचं रिकामं साल अर्धवट बाहेर लोंबतंय आणि शेजारी पतंग: नखाएवढा, राखाडी, पंखांवर गडद ठिपके, कडेला केसांची झालर, डोकं झोपेतून उठल्यासारखं विस्कटलेलं. आता हा काही खाणार नाही. जोडीदार शोधायचा, मादी असेल तर फटीत अंडी घालायची, सगळं अळीपणीच्या पुंजीवर.

आई केरसुणी घेऊन आली, भिंतीवरच्या दुसऱ्या एका बीपाशी थांबली.

“हीपण जळमटं खाते?”

“हो.”

“मग हिला माळ्यावर नेऊन सोड.”