सहा तासांत अर्धं होणारं औषध

औषधाची एक्सपायरी म्हटलं की स्ट्रिपच्या मागचा महिना आणि वर्ष बघायची आपल्याला सवय. आमच्या हॉट लॅबमध्ये, म्हणजे स्कॅनसाठीची किरणोत्सारी औषधं तयार होतात त्या खोलीत, एक्सपायरी घड्याळात बघतात. टेक्निशियम-99एम हे या औषधांमधलं किरणोत्सारी मूलद्रव्य, त्याचं हाफ लाइफ (निम्मं उरायला लागणारा वेळ) 6 तास, म्हणजे सकाळी 8 ला 100 मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) असेल तर दुपारी 2 ला 50 आणि रात्री 8 ला 25, मग तुम्ही ते फ्रीजमध्ये ठेवा नाहीतर टेबलावर, त्याला काही घेणंदेणं नाही.

बी. फार्मला हा विषय पहिल्याच सेमला इनऑरगॅनिकच्या शेवटच्या युनिटमध्ये उरकतात, सोडियम आयोडाइड 131 वर टीप लिहिली की सुटलो. मला तरी हा अन्याय वाटतो, कारण खरी मजा पुढेच आहे.

टेक्निशियम मिळतं जनरेटरमधून. शिशाच्या जाड कवचात अल्युमिनाचा कॉलम, त्यावर मॉलिब्डेनम-99 चिकटून बसलेलं, त्याचं हाफ लाइफ 66 तास, आणि त्यातून टेक्निशियम सतत तयार होत राहतं. एका बाजूला सलाइनची व्हायल, दुसरीकडे व्हॅक्यूमवाली रिकामी व्हायल लावली की सलाइन आपोआप खेचलं जातं, येताना टेक्निशियम घेऊन येतं आणि मॉलिब्डेनम मागे राहतं. याला मिल्किंगच म्हणतात, आणि आज काढलं तरी उद्या सकाळी परत मिळतं. फक्त मॉलिब्डेनम सोबत उतरलंय का ते आधी तपासायचं, मर्यादा 1 मिलिक्युरी टेक्निशियममागे 0.15 मायक्रोक्युरी.

मग कोल्ड किट, म्हणजे स्वतः किरणोत्सारी नसलेल्या औषधाची व्हायल, तिच्यात टेक्निशियम मिसळायचं. हाडांच्या स्कॅनला एमडीपी, किडनीला डीटीपीए, हार्टला मिबी. किटमध्ये स्टॅनस क्लोराइड (कथिलाचा क्षार) असतं, ते टेक्निशियमला रिड्यूस करतं, म्हणजे इलेक्ट्रॉन देतं, तेव्हाच ते औषधाला धरतं. व्हायलमध्ये हवा गेली की स्टॅनस वाया, म्हणून सिरिंजमधून हवा सोडायची नाही, उलट जेवढं टाकलं तेवढा आतला गॅस ओढून घ्यायचा. हे नीट नाही झालं तर सुटं राहिलेलं टेक्निशियम थायरॉइड आणि पोटात जाऊन बसतं, आणि हाडांच्या स्कॅनमध्ये थायरॉइड चमकताना दिसलं की डॉक्टरांचा पहिला फोन आम्हालाच! म्हणून इंजेक्शनच्या आधी पट्टीवर क्रोमॅटोग्राफी करून सुटं टेक्निशियम किती आहे ते बघून घ्यायचं.

पेट स्कॅनचं एफडीजी, म्हणजे साखरेसारखं किरणोत्सारी औषध, तर अजून घाईचं, हाफ लाइफ 110 मिनिटं. आमच्याकडे ते मुंबईकडून गाडीने येतं आणि शनिवारी बोरघाट तुंबला की इकडे आमचा बीपी वाढतो. तिकडून निघतानाच जास्तीचं भरून पाठवतात, तरी त्यालाही लिमिट आहे ना. त्यामुळे 9 ची वेळ दिलेले काका 'सिंहगड रोडला अडकलो हो' म्हणत साडेदहाला आले की मी चिडत नाही, पण त्यांच्या नावाने ठेवलेला डोस तोवर बराच उतरलेला असतो आणि नंतरच्या पेशंटची गणितं पण बिघडतात.

इंजेक्शननंतर साधारण तासभर शांत पडून राहायचं, मोबाइल नाही, गप्पा नाहीत, कारण जो स्नायू काम करेल तो साखरेसारखं हे एफडीजी पण ओढून घेतो. नातेवाईक म्हणतात 'आजींशी थोडं बोलू द्या'. नाही देत.

आणि मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) चालू असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, त्याने आतड्यात एफडीजी जास्त जमतं आणि रिपोर्ट वाचायला त्रास होतो, गोळी बंद ठेवायची की नाही ते डॉक्टर सांगतील, स्वतःच्या मनाने बंद करू नका.